एकही पक्ष पटत नाही, महापालिकेला मत कुणाला द्यायचं?

सिंहगडरोडकरीण:
नमस्कार मंडळी. वाद घालायला विचारत नाहीये, खरंच अडलंय माझं. मी पुण्यात, आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही, पण यावेळी महापालिकेला कुणाचं बटण दाबायचं हेच कळेना. 2019 ला युती म्हणून मत दिलं, महिन्याभराने सकाळी टीव्ही लावला तर फडणवीस आणि अजितदादांचा शपथविधी उरकलेला, त्यानंतर पाच दिवसांनी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे, मग 2022 ला गुवाहाटी, 2023 ला परत अजितदादा. पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले आणि माझं एक मत त्यातल्या सगळ्यांना गेलं की कुणालाच नाही हा हिशोब अजून लागलेला नाही. तिकडे मुंबईदिल्लीचं सोडा, आमचे 2017 चे नगरसेवक परवा तिसऱ्या पक्षाचं उपरणं घालून दारात उभे. आईने सवयीने जुन्याच पक्षाचं नाव घेऊन या या केलं तर ते स्वतःच हसले. मागे तीच पोरं, तीच पांढरी गाडी. मार्च 2022 पासून प्रशासक होता, टँकर नगरसेवक असताना पण यायचा, नसताना पण येतोय. बाबा म्हणतात मी तर घरातच बसणार, नवरा म्हणतो नोटा दाब आणि मोकळी हो. तुम्ही लोक काय करता?

खडूस_काका:
नोटाने काही होत नाही ताई. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दोन नंबरला होता, 27 हजारांच्या आसपास मतं पडली, बाकी सगळे उमेदवार नोटाच्याही खाली. काय झालं? धीरज देशमुख लाखाच्या वर फरकाने आले, बास. आणि उद्या नोटा एक नंबरला आला तरी विधानसभा-लोकसभेला दोन नंबरवालाच निवडून येतो.

नियम_वाचा_आधी:
काका अर्धंच सांगितलंत. विधानसभेला तुमचं बरोबर, पण हिने महापालिकेचं विचारलंय. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचा नोव्हेंबर 2018 चा आदेश आहे की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची. परत घेतल्यावरही नोटाच पुढे असेल तर मात्र उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो निवडून. तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात हा भाग हास्यास्पद आहे, पण निदान त्यांना परत खर्चात तरी पाडता येतं.

खडूस_काका:
असं होय. मागे घेतो. पण असं झालेलं मी तरी कुठे ऐकलं नाही.

जोगेश्वरीचा_पक्या:
बाबांना सांगा घरी बसू नका. आमचा मतदारसंघ मुंबई उत्तर पश्चिम, 2024 च्या लोकसभेला शिंदे सेनेचे वायकर जिंकले ते 48 मतांनी. अठ्ठेचाळीस! आमच्या एका विंगमध्ये त्याच्यापेक्षा जास्त मतदार आहेत, आणि मतदान सोमवारी होतं म्हणून शनिवार-रविवार जोडून अर्धी विंग लोणावळ्याला. नोटालाच तिथे पंधरा हजारांच्या वर मतं होती. आता गंमत बघा, वायकर निवडणुकीच्या दोन-तीन महिने आधीपर्यंत ठाकरेंकडे होते आणि हरलेल्या अमोल कीर्तिकरांचे वडील शिंदेंकडे. म्हणजे तुमचं दुःख कळतंय मला, पक्ष बघून मत द्यायचं तर आमच्याकडे आधी घरातली वंशावळ काढावी लागते.

मिरजेची_माई:
अपक्ष बघा की. आमच्या सांगलीची जागा आघाडीत ठाकरे सेनेला गेली तर लोकांनी विशाल पाटलांना लिफाफा चिन्हावर निवडून दिलं, तेही लाखभर मतांनी.

खडूस_काका:
आणि माई, निवडून आल्यावर त्यांनी पाठिंबा कुणाला दिला? काँग्रेसलाच ना.

मिरजेची_माई:
मग काय झालं, आमी काय वेगळं मागत होतो? लोकांना तेच पायजे होतं. लपवून तर नाही केलं.

माजी_बूथवाला:
मी तीन निवडणुका ड्युटी केलीय म्हणून थोडं लांबण लावतो. ताई, तुम्ही एका मताचा विचार करताय पण पुण्यात प्रभाग चार जणांचा आहे म्हणजे तुम्हाला चार मतं आहेत, अ ब क ड, प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची, आणि चारही ठिकाणी बटण दाबल्याशिवाय मशीनची शिट्टी वाजत नाही. 2017 ला एक आजी एकच बटण दाबून निघाल्या होत्या, साहेबांनी दारातून परत बोलावलं, तर म्हणे मी आमच्या माणसाला दिलं, बाकीच्यांना ओळखत नाही. त्यांना सांगितलं की आजी, ज्यांना ओळखत नाही तिथे नोटा दाबा. तर मुद्दा असा की प्रचारवाले सांगतात तसं पॅनल टू पॅनल, म्हणजे चारही मतं एकाच पक्षाला, द्यायची काही सक्ती नाही, चार जागांना चार वेगळे निकष लावा. पक्षाची पाटी बाजूला ठेवा कारण ती टिकतच नाही. तुमच्या उपरणेवाल्यांबद्दल सांगतो, नगरसेवकांना पण पक्षांतरबंदी आहे, राज्याचा 1986 चा कायदा, पण तो पदावर असेपर्यंत. मार्च 2022 ला मुदत संपली आणि सगळ्यांना रान मोकळं झालं, त्यानंतर उड्या मारणाऱ्याला कोण विचारणार. म्हणून माणूस बघा. शपथपत्रात मालमत्ता आणि गुन्हे दोन्ही असतात, मालमत्तेचा आकडा 2017 च्या शपथपत्राशेजारी ठेवून बघा, करमणूक होते. जुना नगरसेवक असेल तर मुख्य सभेतली हजेरी आणि विचारलेले प्रश्न नगरसचिव कार्यालयातून माहिती अधिकारात मिळतात, दहा रुपयांचा अर्ज. आमच्याकडच्या एकाचे मी काढले होते, पाच वर्षांत लेखी प्रश्न दोन, त्यातला एक स्वतःच्या नावाच्या कमानीबद्दल. आणि त्यांचा पैसा कुठे गेला ते पालिकेच्या अंदाजपत्रकातल्या 'स' यादीत, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत दिसतं. ड्रेनेजवर गेला असेल तर माणूस विचार करण्यासारखा, बाकडी आणि कापडी पिशव्यांवर गेला असेल तर तुम्हीच ठरवा.

जोगेश्वरीचा_पक्या:
कमान 😂 आमच्याकडे एकाने सार्वजनिक शौचालयावर स्वतःचा फोटो लावलाय, तो पण हात जोडून.

सिंहगडरोडकरीण:
सगळ्यांचे आभार, बूथवाले दादा तुमचे जास्त. चार मतं आहेत हे माहीत होतं पण 2017 ला मी पण सरळ एकाच चिन्हाची चार बटणं दाबून आले होते, विचारच केला नव्हता. काल शपथपत्रं बघितली. अ मध्ये एक बाई आहेत, पक्ष मला अजिबात आवडत नाही पण टँकरवरून आमच्या सोसायटीसोबत त्या दोनदा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आल्या होत्या, तेव्हा तिकीटबिकीट काही नव्हतं, त्यांना देणार. ब आणि क अजून बघतेय. उपरणेवाले ड मध्ये आहेत. माहिती अधिकाराला आता वेळ नाही म्हणून संध्याकाळी भाजी आणायला गेले तेव्हा आमच्या गल्लीतली बाकडी मोजली. सात आहेत. चौथ्यावर त्यांच्या नावाखालचं पक्षाचं चिन्ह रंगवून झाकलंय, त्यावर दुसरं काढलंय, आणि आता ते पण खरवडलंय, नाव मात्र तिन्ही वेळा ताजं केलेलं. ड ला नोटा. बाबांना फोटो दाखवला, बराच वेळ बघत होते, मग म्हणाले रिक्षा किती वाजता सांगितलीयेस.