‘मनात पाप नाही त्याला भीती कसली?’ – लाय डिटेक्टरवर बसलेल्या माणसाच्या बहिणीचं उत्तर

सायली_सांगली (धागाकर्ती)
परवा ‘दक्षिणवारे’ यांनी लिहिलं की दुकानात, पतसंस्थेत, सोसायटीत पैसे गेले की सगळ्या नोकरांना लाय डिटेक्टरवर बसवावं, ‘ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली?’ खाली ३५ जणांनी अंगठे दिले. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

भीती कसली ते सांगते. माझा दादा एका पतसंस्थेत अकरा वर्षं रोखपाल होता. मार्चअखेरीला तिजोरीत १ लाख ८० हजार कमी भरले. पोलिसांत जाण्याआधी संचालकांनी बाहेरून मशीनवाला माणूस आणला. दादा, दोन क्लार्क आणि शिपाई, चौघांकडून ‘स्वखुशीने’ असं लिहून घेतलं. छातीला आणि पोटाला नळ्या, बोटांना चिमटे, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. तो पट्टा फुगवून तसाच ठेवतात. थोड्या वेळात हाताला मुंग्या येतात, बोटं निळसर पडतात. ‘आज बुधवार आहे का?’ ‘तुमचं शिक्षण बी.कॉम. का?’ आणि मग त्याच सुरात ‘तिजोरीतले पैसे तुम्ही घेतले का?’ दादा म्हणाला, हा प्रश्न येणार हे माहीतच होतं, तो यायच्या आधीच छाती धडधडायला लागली. अहवालात एकच ओळ, ‘प्रतिसाद फसवणुकीचा.’ बाकीचे तिघे ‘पास’.

दादाने राजीनामा दिला. आठ महिन्यांनी लेखापरीक्षणात सापडलं. रोकड दुसऱ्या शाखेला गेली होती, तिथे जमाही झाली होती, इकडच्या किर्दीत नावे टाकायची राहिली होती. त्या आठ महिन्यांत आईने देवळात जाणं सोडलं, कारण ती आली की बायका बोलायच्या थांबायच्या.

ते मशीन खोटं मोजत नाही. नाडी, श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. घाम चोरालाही येतो आणि चोर ठरण्याची भीती असलेल्यालाही.

दक्षिणवारे
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका भुरट्या मशीनवाल्यामुळे शास्त्र खोटं ठरत नाही. सीबीआय वापरते ना? वसईच्या मुलीचा दिल्लीत खून झाला, २०२२ साली, तेव्हा आरोपीची पॉलिग्राफ (म्हणजे हीच लाय डिटेक्टर चाचणी) आणि नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारतात ती) दोन्ही झाल्या, कोर्टाच्या परवानगीने. ते सगळे वेडे का?

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्यातून रोज चारशे-पाचशे जायचे. एक दिवस सगळ्यांना उभं करून सांगितलं, सोमवारी मशीन आणतोय. सोमवारी एक पोरगा कामावर आलाच नाही. चोर सापडला की नाही?

सायली_सांगली
तो आला नाही म्हणजे चोर? कदाचित त्याला अपमान सहन झाला नसेल. एकच विचारते. त्यानंतर गल्ल्यातले पैसे जायचे थांबले का?

जुना_जमादार
सायलीताई, दादांवर अन्याय झाला हे मान्य. पण ३१ वर्षं पोलीस खात्यात काढलेला माणूस म्हणून दुसरी बाजू मांडतो. मशीन नव्हतं तेव्हा काय होतं? मारायचा पट्टा होता. मी तो आवाज ऐकलाय, रात्री झोप लागायची नाही. त्यापेक्षा दोन तास खुर्चीत बसवणं केव्हाही बरं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर सक्तीने कुणाला बसवताच येत नाही. संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील भेटू द्यायचा. अहवाल पुरावा म्हणून चालत नाही, पण स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून पुढे काही वस्तू सापडली तर ती चालते. आम्ही मशीन तपासाची दिशा ठरवायला वापरायचो, निकाल द्यायला नाही. एका प्रकरणात नळ्या लावायच्या आधीच माणूस रडायला लागला आणि पुरावा टाकलेली विहीर दाखवली.

अ‍ॅडव्होकेट_पेठकर
काका, ‘दिशा’ म्हणता म्हणता निकाल कसा होतो ते आम्ही पुण्यात पाहिलंय. २००८ च्या जूनमधला सत्र न्यायालयाचा निकाल. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. आरोपी तरुणीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं ऐकवली आणि मेंदूत त्या घटनेचं ‘अनुभवजन्य ज्ञान’ आहे असा अहवाल आला. इतर पुरावेही मांडले होते, पण न्यायालयाने या अहवालाचा आधार घेतला आणि जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. त्याआधी २००४ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना हरकत नाही म्हटलं होतं. सेल्वीपर्यंत सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत किती जणांना टेबलावर झोपवलं असेल?

जुना_जमादार
पुण्याचा निकाल मलाही पटला नव्हता. पण तो मेंदूच्या लहरींचा, पॉलिग्राफ वेगळं.

सांख्यिकी_सर
वेगळं असेल, पण चुकीचा हिशोब तोच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २००३ चा अहवाल आहे. त्यात उदाहरण घेतलंय, १० हजार कर्मचारी, त्यांत १० हेर. दहातले आठ हेर सापडतील असं मशीन लावलं, तर सुमारे १,६०० निरपराध माणसं त्यांच्यासोबत दोषी ठरतात. निरपराध कमी अडकावेत म्हणून चाळणी मोठी केली, तर दहातले आठ हेर सुटतात. मी हे वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा पोरांना आधी खरंच वाटत नाही.

आणि सुटलेल्यांबद्दल कुणी बोलत नाही. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा ऑल्ड्रिच एम्स रशियनांना आपल्याच हेरांची नावं विकत होता, १९८६ आणि १९९१ मध्ये पॉलिग्राफवर बसला आणि दोन्ही वेळा पार झाला. गॅरी रिजवे १९८४ मध्ये पास झाला, २००१ पर्यंत मोकळा होता. डझनांनी बायका मारलेला माणूस!

दक्षिणवारे
हेर आणि खुनी! माझ्या दुकानात पाच पोरं आहेत सर, दहा हजार नाहीत. पाचातला एक नक्की चोर आहे.

सांख्यिकी_सर
पाचात एक नक्की असेल तर हिशोब बराच तुमच्या बाजूने झुकतो, हे मान्य करतो. पण सायलीताईंच्या चौघांत एकही चोर नव्हता. तसं असूनही मशीनने एक काढून दिला.

ठेवीदार_जळगाव
मला एवढंच विचारायचंय, संचालक बसले होते का मशीनवर? आमचे सात लाख एका पतसंस्थेत अडकले. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे. संचालकांनी एकेका नातेवाइकाच्या नावावर तारण न घेता कर्जं दिली. शिपायाने दोनशेचा घोळ केला तर निलंबन, आणि कोट्यवधी बुडवणारे पुढच्या निवडणुकीत बिनविरोध!

मोरपीस
पाच लाखांचा विमा असतो ना ठेवींना? मग रडायचं कशाला?

ठेवीदार_जळगाव
तो बँकांना. सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला नाही! हे पावती फाडताना कुणी सांगत नाही. आणि ‘रडायचं कशाला’ हे माझ्या वडिलांना येऊन सांगा. ते रोज सकाळी ती पावती काढून तारीख बघतात.

मोरपीस
माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं. आमचीही एक ठेव आहे तशी.

अ‍ॅडव्होकेट_पेठकर
१९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, मालमत्ता जप्त करता येते. पण लिलाव होऊन पैसे हातात पडेपर्यंत ठेवीदार म्हातारा होतो. तरी तक्रार नोंदवा, गटाने जा, एकट्याने नको.

दक्षिणवारे
धागा लाय डिटेक्टरचा आहे. पतसंस्थेचं रडगाणं वेगळीकडे न्या. दहा प्रतिसाद झाले, मुद्द्याला उत्तर नाही.

ठेवीदार_जळगाव
रडगाणं? हाच मुद्दा आहे! सायलीताई, तिजोरीला दोन किल्ल्या असतात. दुसरी कुणाकडे होती?

सायली_सांगली
व्यवस्थापकाकडे. अध्यक्षांचा भाचा. त्याची किल्ली लावल्याशिवाय तिजोरी उघडायचीच नाही. तो मशीनवर बसला नाही. त्याला कुणी विचारलंही नाही.

हे मी पहिल्यांदा लिहायला हवं होतं. आमच्या घरात त्याबद्दल बोलायची सवयच गेली आहे.

जुना_जमादार
मग ती चाचणीच नव्हती, ताई. ज्याची किल्ली त्याला वगळून बाकीच्यांना बसवणं म्हणजे आधी माणूस निवडून मग कागद तयार करणं. मशीनबद्दलचं माझं मत कायम आहे, पण खाजगी मालकाच्या हातात ते असू नये, एवढं लिहून देतो.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे १९८८ चा कायदा आहे, बहुतेक खाजगी मालकांना कर्मचाऱ्याला पॉलिग्राफवर बसायला सांगताच येत नाही. चोरीच्या चौकशीत थोडी सूट आहे, पण तिथेही लेखी कारण द्यावं लागतं, आणि नुसतं नापास झाला किंवा नाही म्हणाला म्हणून काढता येत नाही. ज्या देशात हे यंत्र वाढलं तिथली ही गोष्ट.

दक्षिणवारे
अमेरिकेत पोराला काढलं तर त्याला भत्ता मिळतो, मालकाला विमा मिळतो. माझ्या नुकसानीचं कोण बघणार? छोट्या दुकानदाराने काय करायचं ते तुम्ही कुणीच सांगत नाही. नुसतं ‘हे करू नका’.

सायली_सांगली
रोज संध्याकाळी दोघांनी मिळून गल्ला मोजून वहीत दोघांच्या सह्या. दादाच्या शाखेत रोजच्या रोज दुसऱ्या शाखेशी ताळा घेतला असता तर त्याच आठवड्यात सापडलं असतं. त्याला नळ्या लागत नाहीत. आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द तर वापरूच नका. नाही म्हणणारा तुम्ही लगेच चोर ठरवता, तुमच्या त्या पोरासारखा. मग सही करण्यावाचून उरतं काय? माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. पैसे जायचे थांबले का?

दक्षिणवारे
कमी झाले.

सायली_सांगली
थांबले का?

दक्षिणवारे
नाही थांबले. झालं समाधान? बायको पण हेच विचारते. तो पोरगा समोरच्या मोबाइलच्या दुकानात लागलाय, दिसला की मान खाली घालतो. मी अजूनही म्हणतो की कुणीतरी खातंय आणि मला ते शोधायचा हक्क आहे. पण त्याचा महिन्याचा पगार अडवून ठेवलाय मी, तो उद्या देऊन टाकतो. यापेक्षा जास्त काही कबूल करणार नाही.

तुमचे दादा आता काय करतात?

सायली_सांगली
मिरजेला पिठाची गिरणी आहे. संस्थेने चूक कळल्यावर परत बोलावलं होतं, तो गेला नाही. दळण टाकतो, चाळतो, डबे उचलून देतो. पैसे वहिनी घेते. ती बाहेर गेली असेल तर गिऱ्हाइकाला म्हणतो, तुम्हीच डब्यात टाका आणि सुट्टे तुम्हीच काढून घ्या.