शेवंड घरी करणाऱ्यांनो, जरा अनुभव लिवा की

मंडळी, आपल्या कोल्हापुरात मटणावर रात्रभर बोलतील लोक, पण शेवंड, म्हणजे लॉबस्टर, म्हटलं की 'ती हॉटेलात खायची' म्हणून विषय बंद. आता रत्नागिरी-मालवणचा मासा रोज येतोय, कोण ना कोण घाट उतरून जातंयच, तर ज्यांनी घरी आणून केलीय त्यांनी सांगा, घेताना काय बघता आणि शिजवता कशी. रेसिपी कॉपी-पेस्ट नको, तुमच्या घरात काय होतं ते लिहा.

रंकाळाकाठ
मी आधी पाठीला धरून उचलायला लावतो. जिती असली की शेपूट फाडकन पोटाखाली मारती, लोंबत राहिली तर मावशी कितीही म्हणू देत 'आत्ताच उतारलीय दादा', आपण पुढं चालायचं. कारण मेल्यावर डोक्यातला पाचक रस मांसात उतरतोय आणि मांस पिठूळ होतंय, मग कितीबी मसाला घाला. सांध्यांवर काळं पडलं असंल, नाकात झोंबणारा वास असंल तर नकोच. आणि पोटाखाली नारिंगी अंडी दिसली तर मी घेतच नाही, मासेवालीला तोंडावर सांगतो, सोडायची होती ती. भावाचं म्हणाल तर खायचं मांस बहुतेक शेपटीतच, वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा, हे धरून हिशोब करा. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात, पिक्चरमधली नांग्यावाली ती थंड समुद्रातली, वेगळीच जात.

आंबाघाट_उतरून
आमचे साडू रत्नागिरीचे, त्यामुळं आणणं हे खातं माझ्याकडं. बादलीत नळाचं पाणी भरून आणणारे बघितलेत मी, अहो खाऱ्या पाण्यातला जीव तो, गोड्या पाण्यात मरतोय! थर्माकोलचा डबा घ्यायचा, तळाला बर्फाच्या बांधलेल्या पिशव्या, वर पेपरचा जाड थर आणि मग समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवंड, झाकणाला भोकं. कल्ले ओले आणि गार राहिले की आंबा घाट चढून घरी येईपर्यंत मिशा हलत असत्यात. घरी आल्यावर अर्धा तास फ्रीजरमध्ये, बधीर झाली की मगच पुढचं. नुसत्या हातानं धरू नका, पाठीवर काटे असतात, जाड फडकं घ्या.

देवगडची_लेक
माहेर देवगड, सासर राजारामपुरी, म्हणजे आमच्या घरात भांडण ठरलेलं :) मी पाणी उकळते, लिटरला दोन मोठे चमचे मीठ, साधारण समुद्राएवढं खारट, अर्धा किलोची असेल तर आठेक मिनिटं, लाल झाली की लगेच काढून गार पाण्यात. लाल रंग म्हणजे शिजली असं नाही हं, रंग आधी येतो, शेपटीतलं मांस आतपर्यंत पांढरंफेक दिसायला हवं. जास्त उकळली तर रबर. आतली काळी शीर काढायची आमच्याकडची युक्ती म्हणजे तिचीच मिशी मोडायची, शेपटीच्या टोकाला खालच्या भोकातून आत सारायची, पिरगळून ओढली की शीर मिशीच्या काट्यांना अडकून बाहेर येते. मग उभी चिरून लसूण, थोडी हळद, आमसूल, लोणी, तव्यावर एक मिनिट, बास. आत्ती म्हणतात, 'चटणी न्हाई म्हंजे आजाऱ्याचं जेवाण!' पण एवढे पैसे मोजून कांदालसूण चटणीच खायची असेल तर बटाटा काय वाईट आहे?

तांबडा_कडक
ताई, आत्तींच्या बाजूनं एक मत माझं. शेपटी तुमच्या पद्धतीनं करा, काय म्हणणं नाही, पण डोकं टाकता का काय? आम्ही डोकी उभी फोडतो, कल्ले आणि खड्यासारखी पिशवी काढून टाकतो, पिवळसर गर ठेवतो. कांदा-खोबरं भाजून वाटण, त्यात आपली चटणी, डोकी परतून पाणी घालून वीसेक मिनिटं उकळायचं आणि रस्सा गाळून घ्यायचा, कवचाचे तुकडे दाताखाली नकोत. शेपटीचे तुकडे शेवटी चार मिनिटं फक्त. भाकरी चुरून खावा, नाद खुळा.

देवगडची_लेक
डोक्याचा रस्सा मान्य. पण त्यात दोन तिरफळं ठेचून टाकून बघा, मग बोलू.

शाहूपुरी_३
एक राहिलं. १ जून ते ३१ जुलै कोकणात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत कोण 'ताजी' म्हणून गळ्यात मारत असेल तर बहुतेक फ्रोझनच. फ्रोझन वाईट नाही, फक्त भाव ताज्याचा देऊ नका, आणि रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवून सुटू द्या, गरम पाण्यात टाकली की मांसाचं पाणी पाणी होतं. आणि कोळंबीनं ओठ सुजत असतील कुणाचे, तर त्या पाहुण्याला मटणाचंच ताट लावा, शेवंड त्याच भावकीतली.