घरातल्या रोजच्या वागण्याचा डेटा कसा गोळा करायचा?

कोरीपाटी:
मंडळी, मास्टर्सच्या प्रोजेक्टसाठी वयस्कर माणसं घरात दिवसभर काय काय करतात, म्हणजे स्वयंपाक, टीव्ही, औषधं, रात्रीचं उठणं वगैरे, याचा डेटा हवाय. गाइड म्हणतात सरळ कॅमेरे लाव. पण लावू कोण देणार? आणि दिलाच लावू तर माणसं नेहमीसारखी वागतील का? नुसत्या सेन्सरवर भागेल का?

उंबरठा:
आधी प्रश्न ठरवा, यंत्राचं नंतर बघू. रात्री किती वेळा उठतात एवढंच हवं असेल तर बाथरूमच्या वाटेवर एक मोशन सेन्सर आणि दाराला मॅग्नेटवाला सेन्सर, झालं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कासास प्रकल्पाचे असले डेटासेट फुकट मिळतात, आधी त्यावर हात बसवा. खरी कटकट लेबलची आहे, म्हणजे सेन्सरच्या कुठल्या नोंदीच्या वेळी माणूस नक्की काय करत होता ते लिहून ठेवण्याची. औषधाचा ड्रॉवर उघडला हे सेन्सर सांगेल, पण गोळी घेतली की कात्री शोधत होते हे त्याला काय कप्पाळ कळणार! आणि घरात दोन माणसं असली की किचनमध्ये नक्की कोण गेलं इथूनच घोळ सुरू, त्यात मांजर असेल तर बघायलाच नको.

खडूस:
कॅमेऱ्याला सरसकट नाही म्हणू नका हो. एपिक-किचन्स डेटासेटसाठी (2018) 32 जणांनी आपापल्या किचनमध्ये डोक्याला कॅमेरा लावून 55 तासांचं शूटिंग केलं, आणि काय केलं ते नंतर स्वतःच बोलून रेकॉर्ड केलं, म्हणजे लेबलचं निम्मं काम तिथंच झालं. बटण ज्याचं त्याच्या हातात असलं की लोक तयार होतात. याउलट चॅरेड्स नावाच्या व्हिडिओ डेटासेटमध्ये (2016) लोकांना स्क्रिप्ट देऊन स्वतःच्याच घरात अभिनय करायला लावला होता, व्हिडिओ ढीगभर मिळाले पण शेवटी अभिनय तो अभिनयच. बाकी कुणीतरी बघतंय म्हटल्यावर वागणं बदलतं ते सेन्सरलाही लागू आहे, सुरुवातीचे काही दिवस हिशेबात धरूच नका.

मधलीसुट्टी:
संमती फक्त आजोबांची घेऊन चालणार नाही, घरात जो जो राहतो त्या सगळ्यांची लागेल, येणाऱ्याजाणाऱ्यांना कळेल अशी पाटी लावा, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एक वायरसुद्धा जोडू नका. मोशनचा डेटा निरुपद्रवी वाटतो पण घर रोज किती वाजता रिकामं असतं हे त्यातून सरळ दिसतं, चोराला आणखी काय पाहिजे?

कोरीपाटी:
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग एकटे राहणारेच घेतो आणि फक्त रात्रीचं उठणं बघतो. सोबत डायरी लिहायला सांगू का?

उंबरठा:
सांगा, पण अर्ध्या झोपेत कोण लिहिणार, त्यापेक्षा सकाळी फोन करून विचारा. आणि हो, सेन्सरची बॅटरी संपली काय आणि माणूस रात्रभर गाढ झोपला काय, डेटात दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून हालचाल नसली तरी ठराविक वेळाने 'मी चालू आहे' असा मेसेज पाठवणाराच सेन्सर घ्या.