मदत हवी आहे: चिखलदऱ्यात धुक्याचे फोटो

नमस्कार दादा-ताईंनो. मी दारव्हा तालुक्यात एका संस्थेत पाणलोटाच्या कामांचे फोटो काढते. जानेवारीत ऑफिस मला तीन दिवसांच्या निसर्गचित्रण कार्यशाळेला मेळघाटातल्या चिखलदऱ्याला पाठवतंय. खर्च ऑफिसचाच, त्यामुळे काही शिकूनच परत यायचं आहे.

परवा सरावासाठी पहाटे साडेसहाला तुरीच्या धुऱ्यावर गेले. धुई एवढी, की पलीकडचा पळस नुसता सावलीसारखा दिसत होता. डोळ्यांना सगळं पांढरंशुभ्र, फोटोत मात्र राखेसारखं करडं! एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, प्लस एकवर नेल्यावर जरा उजळलं. पण सूर्य वर आला की आकाश पार पांढरं होतं. तेव्हा काय करायचं?

दुसरं, घरी येऊन चुलीजवळ बसले तर लेन्सवर लगेच वाफ धरली. कॅमेरा आत नेण्याआधी बंद पिशवीत ठेवायचा हे आता कळलं, पण किती वेळ?

माझ्याकडे अठरा-पंचावन्न मिमीची झूम लेन्स आणि एकच बॅटरी आहे. थंडीत ती लवकर उतरते, म्हणून दुसरी घेणारच आहे. उरलेल्या पैशात ट्रायपॉड घेऊ की पोलरायझर फिल्टर (लेन्सपुढे लावायची, चमक कमी करणारी काच)? मेळघाटात हिवाळ्यात फोटो काढलेल्यांनी कृपया सांगा.