कयाकिंगच्या फलकावर ‘बंद पादत्राणे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न
तारकर्ली-देवबागच्या बाजूला, कर्ली नदीच्या खाडीत कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) भाड्याने देणाऱ्या ओळखीच्या मंडळींना नवा फलक लिहून द्यायचा आहे. जुन्यावर ‘बंद असलेली पादत्राणे घालावीत’ एवढंच आहे. पर्यटक पट्ट्यांचे फ्लोटर्स घालून येतात आणि म्हणतात, बंद आहेत की! नेमका शब्द सुचवाल का?

प्रतिसाद
पर्यटकांचं वाचन चूक नाही. ‘बंद’ म्हणजे झाकलेलं, आणि ‘बंद’ म्हणजे बांधायची पट्टी किंवा नाडीसुद्धा, जसे अंगरख्याचे बंद. ‘बंद असलेली’ म्हटल्यावर दोन्ही अर्थ निघतात. इथे तर दुसरा अर्थ धोक्याचाच. ‘बोटं आणि टाच झाकणारे’ असं सरळ लिहा. ‘पादत्राणे’ देवळाच्या पाटीवर शोभतं, पण बोलताना कोणी म्हणत नाही. ‘वहाणा’ गोड शब्द आहे, पण त्याने डोळ्यांपुढे उघडी चप्पलच येते. ‘बूट’ लिहावं.

प्रतिसाद
नुसतं ‘बूट’ नको ताई, लोक नाडीचे जाडजूड स्पोर्ट्स शूज घालून येतील. ज्या कयाकमध्ये पाय आत जातात, तिथे चवडे दोन्ही बाजूंच्या पायटेकूंवर रोवलेले असतात. कयाक उलटली की पाय झटकन बाहेर निघायला हवेत. लोंबती नाडी किंवा सँडलचा सैल पट्टा तिथेच अडकू शकतो. जाड सोलचा बूट आत मावतच नाही, मावला तरी पायाला टेकू कळत नाही. शिवाय टाच सतत तळाला घासते, उघडी असेल तर सोलवटते. म्हणून ‘बिननाडीचे, पातळ सोलचे’ हे शब्द हवेतच. वर बसायच्या उघड्या कयाकमध्ये टाचेला घट्ट पट्टा असलेले फ्लोटर्स एक वेळ चालतील, अंगठ्याची चप्पल मात्र तिथेही नको.

प्रतिसाद
मी मालवणकडची. बोटं झाकायची ती कालवांसाठी, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या धारदार शिंपल्यांसाठी. खडपांवर आणि कांदळवनाच्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. ओहोटीला पाणी उतरलं की कयाक ढकलायला खाली उतरावंच लागतं, आणि अंगठ्याची चप्पल चिखलात रुतून तिथेच राहते. आमचे मच्छीमार अनवाणी वावरतात हे खरं, पण कुठे पाय टाकायचा ते त्यांना ठाऊक असतं. पाहुण्यांना ते कसं कळणार? कालव लागलंच तर जखम लगेच गोड्या, स्वच्छ पाण्याने धुवा. आत कवचाचा तुकडा राहिला असेल तर डॉक्टरांना दाखवा. हेही फलकावर येऊ दे.

प्रतिसाद
‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळा! दुकानदार ‘वॉटर शूज’ आणि ‘वॉटरप्रूफ शूज’ एकच समजून दाखवतात. वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत न घेणारा. पण कयाकमधून उतरताना घोट्याच्या वर पाणी आलं की ते वरून शिरतं आणि बुटातच साठतं. गमबुटांचं तेच होतं, चालणं आणि पोहणं दोन्ही जड. आपल्याला हवा तो पाणी येऊ देणारा आणि लगेच सोडून देणारा. मराठीत ‘निथळणारे बूट’ म्हणा, किती नेमकं क्रियापद आहे!

प्रतिसाद
कॅनडातून लिहितोय. इथे मे महिन्यातही तळ्याचं पाणी बोचरं असतं, त्यामुळे जाळीचे निथळणारे बूट उपयोगाचे नाहीत. नियोप्रीनचे, म्हणजे ऊब धरणाऱ्या मऊ कृत्रिम रबराचे, 3 ते 5 मिमी जाडीचे बूट घालतात. पाणी त्यांतही शिरतं, पण पाय उबदार राहतात. कोकणात त्यांत पाय उकडतील. तेव्हा ‘निथळणारे’ हा शब्द तिथल्या पाण्यापुरता बरोबर.

प्रतिसाद
कुंडलिकेसारख्या धावत्या नदीसाठी एक ओळ वेगळी हवी. धरणाचं पाणी सोडल्यावर तिथे कयाक उलटली, तर जोराच्या प्रवाहात उभं राहू नये. दगडांच्या फटीत पाय अडकला की पाण्याचा रेटा माणसाला खाली दाबतो. उताणं व्हायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे. चांगला बूट आहे म्हणून कोणी उभं राहील, याची मला खरी काळजी वाटते.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. मसुदा असा: ‘बोटं आणि टाच झाकणारे, बिननाडीचे, पातळ सोलचे, पाणी निथळणारे बूट घाला. अंगठ्याची चप्पल, गमबूट नकोत.’ खाली कालवाच्या जखमेची ओळ. ‘घट्ट’ लिहू की ‘मापाचे’?

प्रतिसाद
‘मापाचे’. ‘घट्ट’ वाचून लोक एक नंबर लहान घेतील आणि भिजल्यावर बोटं चेमटतील.