'साहिब बीबी और गुलाम' नक्की कोणाचा?

रीळपेटी
१९६२च्या 'साहिब बीबी और गुलाम'च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून अब्रार अल्वींचं नाव आहे. त्या वर्षीचं दिग्दर्शनाचं फिल्मफेअरही त्यांनाच मिळालं. तरी लोक याला गुरुदत्तचा सिनेमा म्हणतात, आणि माझ्या मते बरोबरच म्हणतात. 'कागज़ के फूल' (१९५९) पडल्यावर त्याने दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा लावलं नाही, पण हात तोच राहिला. यातलं 'साक़िया आज मुझे' हे गाणं बघा. मिनू मुमताज उजेडात आणि साथीच्या नर्तकी नुसत्या काळ्या आकृत्या. फ्रेंच समीक्षक (पुढे दिग्दर्शक) त्रूफोने १९५४ साली फ्रेंच पटकथाकारांवर तोफ डागली तेव्हा हेच म्हटलं होतं: सिनेमा लिहिणाऱ्याचा नसतो, पडद्यावर जग उभं करणाऱ्याचा असतो.

लाइटमीटर
उदाहरण चुकलं तुमचं. ती करामत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींची आहे. चेहरे काळे ठेवायचे म्हणजे समोरचा भरणीचा लाइट बंद करून भागत नाही. मागची भिंत आणि जमीन उजळ हवी, तरच आकृती कापून काढल्यासारखी दिसते. पण जमीन उजळ झाली की तिथून उडालेला उजेड हनुवटीखालून चेहऱ्यावर चढतो आणि काळ्याचा राखाडी होतो. शिवाय मुख्य नर्तकी त्याच चौकटीत फिरतेय, तिचा लाइट शेजारणीवर सांडू नये म्हणून प्रत्येक दिव्यापुढे कटर (उजेड अडवणारी काळी फळी) लावावा लागतो आणि नाचाच्या जागा खडूने आखाव्या लागतात. हे सगळं जमवणाऱ्याला तुम्ही श्रेयात जागाच देत नाही.

'कागज़ के फूल'मधल्या 'वक़्त ने किया' गाण्यातला उन्हाचा झोतही तसाच. मूर्तींनी मोठे आरसे लावून खरं ऊन स्टुडिओत आणलं. कारण साधं आहे: दिव्याचा झोत लांब जाताना पसरतो, उन्हाचे किरण जवळजवळ समांतर राहतात. पण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. आरसा हलवला नाही तर ५० फुटांवरचा कवडसा मिनिटाला अडीचेक इंच पळतो. धूर कमी पडला तर झोत दिसत नाही, जास्त झाला तर अख्खी चौकट दुधाळ होते.

रीळपेटी
मूर्तींचं श्रेय कोण नाकारतंय? पण त्या झोतात दोन माणसं एकमेकांपासून लांब, न बोलता उभी करायची, हे कोणी ठरवलं? झोत कसा आणायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी_घंटा
तुम्ही दोघंही गाण्यांतच अडकलात. 'साहिब बीबी'तली गाणी गुरुदत्तने चित्रित केली, हे अल्वींनी स्वतःच सांगितलंय; बाकीचं दिग्दर्शन आपलं, यावर मात्र ते शेवटपर्यंत ठाम होते. मग गाण्याचा पुरावा देऊन अख्खा सिनेमा गुरुदत्तच्या नावावर कसा करता? छोटी बहू (मीनाकुमारी) आणि भूतनाथ (गुरुदत्त) यांची पहिली भेट घ्या. तो मान वर करत नाही. आपल्याला आधी तिचा आवाज ऐकू येतो, पावलं दिसतात, चेहरा फार उशिरा. हे थांबणं संवादातून आलंय, आणि संवाद अल्वींचे. 'आरपार' (१९५४)पासून ते गुरुदत्तसाठी लिहायला लागले, तेव्हापासून त्या सिनेमांतली माणसं आपापल्या बोलीत बोलायला लागली. त्याआधीच्या 'बाज़ी'त आणि 'जाल'मध्ये तो कान नाही.

रीळपेटी
कानाचं मान्य, हे मी धाग्यात लिहायला हवं होतं. पण त्याच भेटीत चेहरा येतो तेव्हा कॅमेरा काय करतो ते पाहा. सरकत जवळ जातो आणि मीनाकुमारीवर स्थिरावतो. 'प्यासा'त (१९५७) हीच चाल पुन्हा पुन्हा दिसते. ७५ आणि १०० मिमीच्या लेन्सवरच्या अशा क्लोजअपना 'गुरुदत्त शॉट'च म्हणायचे. ही सवय अल्वींच्या लेखणीतून येत नाही.

लाइटमीटर
आणि कॅमेऱ्यामागे दोन्हीकडे मूर्तीच! 'जाल' (१९५२)पासून दहा वर्षं तीच जोडी. एकाची सवय दुसऱ्यापासून वेगळी काढणार कशी?

दुसरी_घंटा
वेगळी काढता येते, कापाकापीत. प्रदर्शनानंतर बग्गीतलं दृश्य प्रेक्षकांना खटकलं. छोटी बहू भूतनाथच्या मांडीवर डोकं ठेवते, हे लोकांना रुचलं नाही. ते बदललं गेलं आणि 'साहिल की तरफ़' हे गाणंही गेलं. संगीतकार हेमंतकुमारांनी ती चाल पुढे 'अनुपमा'त (१९६६) वापरली. ही कात्री चालवली निर्माता गुरुदत्तने, प्रेक्षकांच्या कुरकुरीवरून. यात लेखकपण, म्हणजे सिनेमाचं खरं कर्तेपण, कुठे आलं?

रीळपेटी
इथेच तर आलं. चालू सिनेमातून गाणं काढायचा आणि नवं दृश्य घालायचा अधिकार श्रेयनामावलीत नाव असलेल्या दिग्दर्शकाकडे नव्हता. अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सकडेही १९४२ साली नव्हता. तो ब्राझीलमध्ये असताना आरकेओ स्टुडिओने त्याचा 'मॅग्निफिसंट अँबर्सन्स' ८८ मिनिटांवर आणला, शेवटही बदलला.

दुसरी_घंटा
मग तुमच्याच न्यायाने 'अँबर्सन्स' आरकेओचा म्हणा. तसं कोणी म्हणत नाही, कारण कात्री कोणाची यावरून लेखक ठरत नाही. वेल्सला जो न्याय लावता तोच अल्वींना लावा.