ओव्हरराइडला ‘डावलणे’ म्हणायचं का?

टीममधल्या नव्या मुलांसाठी पपेट आणि अ‍ॅन्सिबल ह्या सर्व्हरची सेटिंग्ज लावणाऱ्या टूलवर मराठीत टिपणं लिहितोय. इनहेरिटन्सला वारसा लिहिलं, पण ओव्हरराइडला, म्हणजे वरून आलेली सेटिंग खाली वेगळी देण्याला, अडलोय. एकाने ‘डावलणे’ सुचवलं, पण सगळ्या सर्व्हरना एनटीपीचा (घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरचा) एक पत्ता आणि डीएमझेडवाल्यांना (बाहेरच्या नेटवर्कला उघड्या असलेल्यांना) वेगळा, ह्यात डावललं कोणाला?

– डावलणे नकोच, प्रमोशनमध्ये माणसाला डावलतात. आणि दोन्ही टूलना एकच शब्द बसवू नका, कारण आत घडतं तेच वेगळं आहे. पपेटमध्ये एक क्लास दुसऱ्याकडून इनहेरिट करतो आणि वरून आलेल्या फाइल रिसोर्सचं (पपेट सांभाळतं त्या फाइलच्या नोंदीचं) नाव घेऊन त्याचा सोर्स बदलतो, म्हणजे कोणीतरी मुद्दाम हात घालतंय, आणि दुसऱ्याच कुठल्या क्लासने तो रिसोर्स परत लिहिला तर ड्युप्लिकेट डिक्लेरेशनचा एरर येऊन कॅटलॉगच, म्हणजे त्या मशीनच्या सेटिंग्जची पूर्ण यादीच, बनत नाही. तिथे सरळ ‘बदलणे’ लिहा. अ‍ॅन्सिबलमध्ये कोणी कोणाला बदलत नाही. पत्ता ‘ऑल’मध्ये (सगळ्या मशीनच्या ग्रुपमध्ये) आहे, छोट्या ग्रुपमध्ये आहे, होस्ट व्हार्समध्येपण (एकाच मशीनच्या व्हेरिएबलमध्ये) आहे, तर त्या मशीनपुरता होस्टवाला वरचढ ठरतो आणि ऑलमधला बाकीच्यांसाठी जागेवरच राहतो. रन करताना कमांडमध्येच एक्स्ट्रा व्हार्स (जास्तीचे व्हेरिएबल) दिले तर ते सगळ्यांवर वरचढ. पपेटला व्हॅल्यू शोधून देणाऱ्या हायराचंही तेच, वरून शोधत यायचं आणि पहिलं सापडेल ते घ्यायचं. म्हणून ‘वरचढ ठरणे’.

– पटलं. पण ‘वारसा’ जपून वापरा. वारसा म्हटलं की मुलाला वाटतं आता हे माझं, हवं तसं बदलेन. जुन्या पपेटमध्ये नोडलाही (एका मशीनच्या व्याख्येलाही) इनहेरिटन्स होता आणि नेमकं इथेच लोक फसायचे, क्लास पॅरेंट नोडमध्ये इन्क्लूड केलेला आणि व्हेरिएबल चाइल्डमध्ये बदललेलं, तरी क्लासला पॅरेंटचीच व्हॅल्यू मिळायची कारण तो पॅरेंटच्या स्कोपमध्ये (व्हेरिएबल दिसण्याच्या हद्दीत) आधीच चालून गेलेला असायचा. शेवटी 2015 च्या पपेट 4 मध्ये ते काढूनच टाकलं, चांगलं झालं. क्लासला वारसा ठेवा, ग्रुपसाठी ‘वरून आलेली व्हॅल्यू’ पुरे.

– दोन्ही घेतो, आभार. एका लेव्हलच्या दोन ग्रुपमध्ये तोच व्हेरिएबल असेल तर वरचढ कोण?

– अक्षरक्रमाने ज्याचं नाव शेवटी येतं तो. नावाच्या भरवशावर राहू नका, ग्रुप प्रायॉरिटी द्या, ज्याचा आकडा मोठा तो वरचढ.